शेवटचा शब्द कोणता?

आजचे वाचन: मार्क १५:३३-३९; लूक २३:४४-४९; योहान १९:२८-३०



आज तीन उतारे दिलेत म्हणून कंटाळू नका. तिन्ही लहान आहेत. एकामागून एक सावकाश वाचा, आणि प्रत्येक उतारा संपला की थांबून स्वतःला एकच प्रश्न विचारा. प्राण सोडण्यापूर्वी प्रभू येशू शेवटचं काय बोलला?

तीन वेगवेगळी उत्तरं मिळतील. मार्कमध्ये तो देवाला मोठ्याने विचारतो की, तू मला का सोडलंस? त्यानंतर फक्त एक मोठी आरोळी येते, तिच्यात काय शब्द होते ते मार्क सांगत नाही, आणि प्राण जातो. लूकमध्ये तो प्रश्नच नाही. तिथे येशू मोठ्याने हाक मारून आपला आत्मा पित्याच्या हाती सोपवतो. योहानमध्ये सगळं पूर्ण झालं असं म्हणून तो मस्तक लववतो.

एकाच माणसाचं एकच मरण, आणि शेवटचे शब्द तीन प्रकारचे. आता करायचं काय?

मागच्या उपवासकाळात हाच प्रश्न मला धर्मशिक्षणाच्या वर्गात विचारला गेला. मी क्रूसावरचे सात उद्गार शिकवत होतो. फळ्यावर एक ते सात आकडे घालून लिहून दिले आणि मुलांना पाठ करायला सांगितलं. नववीतला एक मुलगा पाठ करायचं सोडून बायबलमध्ये संदर्भ शोधत बसला. थोड्या वेळाने त्याने हात वर केला.

"सर, हे सात एका ठिकाणी कुठेच नाहीयेत."

बरोबर होतं त्याचं. लूकमध्ये तीन आहेत: मारणाऱ्यांना क्षमा, शेजारच्या चोराला सुखलोकाचं वचन आणि आत्मा पित्याच्या हाती सोपवणं. योहानमध्ये दुसरेच तीन आहेत: आईला आणि शिष्याला एकमेकांच्या स्वाधीन करणं, तहान लागणं, आणि पूर्ण झालं म्हणणं. मार्क आणि मत्तय या दोघांत मिळून एकच, तो देवाने सोडल्याचा प्रश्न. सातची यादी आपण चारही शुभवर्तमानं एकत्र करून तयार केली आहे. गुड फ्रायडेला त्यावर प्रवचनं होतात, आणि ती यादी आपल्या इतकी अंगवळणी पडलीय की ती कुठल्याही एका पानावर नाही हे लक्षातही येत नाही.

"मग शेवटचा नक्की कोणता, सर?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं. मी म्हटलं, मार्क ज्या आरोळीचे शब्द सांगत नाही, त्या आरोळीचे शब्द लूकने सांगितले. आणि देवाने का सोडलं हा प्रश्न म्हणजे स्तोत्र २२ ची सुरुवात. ते स्तोत्र शेवटी देवाच्या स्तुतीने संपतं, म्हणजे येशू खरं तर निराश झालाच नव्हता, तो मनात पूर्ण स्तोत्र म्हणत होता. झालं समाधान?

मुलगा क्षणभर गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे मार्कने अर्धंच ऐकलं का, सर?"

वर्ग हसला, मीही हसलो. पण घरी जाताना ते वाक्य माझा पाठलाग करत राहिलं, कारण हुबेहूब तेच शब्द मी एकवीस वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या बहिणीला बोललो होतो.

आमचं गाव कोर्लई, रेवदंड्याच्या खाडीच्या दक्षिणेला. पोर्तुगीज १७४० मध्ये चौल आणि कोर्लईचा किल्ला मराठ्यांच्या हाती देऊन गेले, पण त्यांच्या भाषेचं आणि मराठीचं मिळून जे झालं ते आमच्या घरांत राहिलं. आम्ही तिला 'नो लिंग' म्हणतो, म्हणजे आमची भाषा. चूल, शेत, भांडण, अंगाई हे सगळं त्या बोलीत. शाळा आणि मिस्सा मराठीत. तुम्ही वाचताय ते मराठीत लिहितो, पण ठेच लागली की तोंडातून शब्द घरचाच येतो.

आमचे वडील जुलैच्या पावसात गेले. तीन दिवस घरीच तापाने फणफणले होते. शेवटच्या रात्री ताई त्यांच्या उशाशी बसली होती. मी पडवीत आडवा झालो होतो. पहाटे तिने मला उठवलं आणि ती पाणी तापवायला गेली. मी बाबांचा हात धरला, मराठीत आमच्या बापा म्हणायला सुरुवात केली, तेव्हा त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलले. मग त्यांनी बरं वाटतंय असं काहीतरी म्हटलं, आणि थोड्या वेळाने श्वास थांबला.

महिन्याच्या मिस्सेला नातेवाईक जमले तेव्हा मी सगळ्यांना हेच सांगितलं. बाबा प्रार्थना करत, शांतपणे देवाघरी गेले. बायकांनी डोळे पुसले. तेवढ्यात ताई म्हणाली, "रात्री ते रडत होते. आईला हाका मारत होते. सगळे मला टाकून कुठे गेले, असं विचारत होते." ती हे आमच्या बोलीत म्हणाली, बाबा जसे बोलले तसं.

मी पाहुण्यांसमोर तिला म्हटलं, "तू अर्धंच ऐकलंस. तापात बडबडले असतील."

ताईने पुन्हा तो विषय काढला नाही. दर वर्षी बाबांच्या मिस्सेला ती यायची, मागच्या बाकावर बसायची आणि चहा न घेता परत जायची. मी समजायचो, स्वभाव आहे तिचा.

त्या मुलाच्या प्रश्नानंतर मी शुभवर्तमानं पुन्हा उघडली. या वेळी उत्तर द्यायला नाही, ऐकायला. आणि मला जे दिसलं ते तुमच्यासमोर ठेवतो.

पहिली गोष्ट. वेगवेगळे वृत्तान्त जुळवून पाहणं हे काही पाप नाही. मार्कच्या आरोळीला लूकचे शब्द लावणं शक्य आहे, त्यात ओढाताण नाही. आपले पूर्वज हे करत आले आहेत. संत ऑगस्टीनने साधारण इसवी सन ४०० च्या सुमारास शुभवर्तमानांच्या एकवाक्यतेवर एक मोठा ग्रंथच लिहिला. आपल्या मराठीतही फादर थॉमस स्टीफन्स यांनी 'क्रिस्तपुराण' रचलं, ते १६१६ मध्ये छापलं गेलं. त्यात त्यांनी सृष्टीच्या उत्पत्तीपासून प्रभूच्या जीवनापर्यंतची कथा ओव्यांमध्ये सलग सांगितली. गोव्यातल्या नव्या ख्रिस्ती लोकांना चार पुस्तकं समोर ठेवण्याऐवजी एक कथा ऐकवली. आई मुलाला गोष्ट सांगते तेव्हा तीही असंच करते. यात काही गैर नाही.

दुसरी गोष्ट. जुळवणी ही आपली असते, शास्त्राची नव्हे. उदाहरण घ्या. मार्क आणि मत्तय म्हणतात की दोन्ही बाजूंच्या चोरांनी येशूची निंदा केली. लूक म्हणतो एकाने निंदा केली, दुसऱ्याने त्याला दटावलं. संत ऑगस्टीन म्हणाले, बोलताना आपण कधी एकासाठीही अनेकवचन वापरतो, तसं ते आहे. संत योहान क्रिसोस्तोम म्हणाले, आधी दोघांनीही निंदा केली, नंतर एकाचं मन पालटलं. दोघेही संत, दोघेही ख्रिस्तसभेचे महान आचार्य, आणि दोघांची उत्तरं वेगळी! ख्रिस्तसभेने यातलं एकही उत्तर विश्वासाचा भाग केलं नाही. शास्त्रवचन मात्र दोन्हीकडचं जसंच्या तसं ठेवलं.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. दुसऱ्या शतकात, साधारण १७० च्या सुमारास, तातियान नावाच्या माणसाने चारही शुभवर्तमानांचं मिळून एकच पुस्तक केलं, 'दियातेस्सरोन'. सोयीचं होतं ते. कुठे विरोध नाही, कुणी प्रश्न विचारायला नको. सिरियातल्या मंडळ्यांमध्ये कित्येक पिढ्या तेच वाचलं गेलं. पाचव्या शतकात बिशप थिओडोरेट यांनी आपल्या भागातून त्याच्या दोनशेहून अधिक प्रती गोळा करून बाजूला केल्या आणि त्या जागी चार वेगळी शुभवर्तमानं दिली. विचार करा, ज्या पुस्तकाने सगळ्या अडचणी मिटत होत्या ते ठेवून घेतलं नाही, आणि ज्या चारांमुळे आजही नववीतला मुलगा हात वर करतो ती चार ठेवली.

आजही आपण तेच करतो. झावळ्यांच्या रविवारी दुःखसहनाचा वृत्तान्त आळीपाळीने मत्तय, मार्क आणि लूक यांच्याकडून ऐकतो. २०२४ मध्ये मार्क होता, २०२५ मध्ये लूक, २०२६ मध्ये मत्तय. आणि गुड फ्रायडेला दर वर्षी योहान. एकाच आठवड्यात, पाच दिवसांच्या अंतराने, त्याच मरणाच्या दोन साक्षी. कुणी उभं राहून त्या जुळवून दाखवत नाही. आपण गुडघे टेकतो, दोन्ही वेळा.

आता कुणी म्हणेल, मग काय, ज्याचं त्याचं खरं? तसं मुळीच नाही. बायबल स्वतःच याबाबत सावध आहे. येशूवर खोटे आरोप करणाऱ्यांच्या साक्षी एकमेकींशी जुळत नव्हत्या हे मार्क १४:५६ मध्ये आहे, आणि ते त्यांच्या खोटेपणाची खूण म्हणून आहे. ताई जर म्हणाली असती की बाबा इस्पितळात गेले, तर तिचं चुकलंच असतं, कारण ते घरी गेले. काही फरक चुकीचे असतात आणि चूक ती चूकच.

म्हणून दोन गोष्टी तपासाव्या लागतात. साक्षीदार मुळात कशाबद्दल एकमत आहेत? आणि त्यांना आपल्या बोलण्यातून काय मिळवायचं आहे? चारही शुभवर्तमानांत येशू पिलाताच्या हुकमाने क्रूसावर गेला, तो खरोखर मेला, त्याला पुरलं, आणि रिकाम्या कबरेकडे आधी स्त्रिया गेल्या. क्रूसावरच्या फलकाचे शब्द चौघांनी चार प्रकारे दिलेत, पण यहुद्यांचा राजा हे शब्द चौघांतही आहेत. आणि पेत्राने तीनदा नाकारलं ही लाजिरवाणी गोष्ट एकानेही लपवली नाही. येशूविरुद्ध उभे राहिलेले साक्षीदार एका निर्दोष माणसाला मरणाला लावायला आले होते. या चौघांनी तर आपल्याच पुढाऱ्याची लाज उघड केली. खोटं रचणारा माणूस असं करत नाही.

तरीही काही फरक उरतातच. मार्क म्हणतो तिसऱ्या तासाला, म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास, येशूला क्रूसावर दिलं. योहान म्हणतो सहाव्या तासाच्या सुमारास, म्हणजे दुपारी, तो अजून पिलातासमोर होता. यावर पुष्कळ स्पष्टीकरणं दिली गेली आहेत, वाचा जरूर. पण ज्याला ती पटत नाहीत त्याला अविश्वासू म्हणू नका. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये देवाच्या प्रकटीकरणावरच्या आपल्या दस्तऐवजात सांगितलं आहे की, शुभवर्तमानकारांनी पुष्कळातून निवड केली, काही गोष्टी थोडक्यात मांडल्या, आपापल्या मंडळीची स्थिती पाहून समजावल्या, आणि तरी येशूविषयी खरंच सांगितलं.

इथपर्यंत सगळं डोक्याने समजत होतं. मग ईयोबाचं पुस्तक वाचताना १३:७ वर अडकलो. ईयोब आपल्या मित्रांना विचारतो की, देवाची बाजू घेण्यासाठी तुम्ही खोटं बोलणार आहात का? ते मित्र वाईट नव्हते. त्यांना देवाची अब्रू राखायची होती. म्हणून ते ईयोबाचं दुःख मोडून-वाकवून आपल्या शिकवणीत बसवत होते. आणि पुस्तकाच्या शेवटी, ४२:७ मध्ये, देव त्यांच्यावरच रागावतो.

मला माझा वर्ग आठवला. स्तोत्र २२ स्तुतीने संपतं हे खरं आहे. पण येशूने मोठ्याने म्हटलं ते त्याचा शेवट नव्हे, सुरुवात. मी ती हाक त्या मुलांच्या कानावर पडूच दिली नव्हती. देवाच्या पुत्राला एकटं वाटलं हे मलाच सहन होत नव्हतं, म्हणून मी लूकला पुढे करून मार्कला गप्प केलं. आणि मार्कने तर ती हाक किती जपून ठेवली आहे! पुस्तक ग्रीक भाषेत लिहिताना हे शब्द त्याने येशूच्या आपल्या अरामी बोलीत दिले आणि पुढे अर्थ सांगितला. कारण तशी हाक माणूस शिकलेल्या भाषेत मारत नाही.

इथे मी वाचन थांबवलं. बाबांनीही ती हाक घरच्या बोलीतच मारली होती. मी ती खोटी ठरवली, कारण मी पडवीत झोपलो होतो. सगळे कुठे गेले, या प्रश्नातला एक 'सगळे' मी होतो. एकवीस वर्षं मी म्हणत होतो की बाबांची आठवण चांगली राहावी म्हणून तसं सांगितलं. राखत होतो ती माझी लाज.

पुढच्या रविवारी मिस्सा झाल्यावर मी ताईच्या घरी गेलो. ती सुपारी सोलत बसली होती. मी म्हटलं, "ताई, त्या रात्री काय झालं ते मला सगळं सांग."

तिने माझ्याकडे पाहिलं, सूप बाजूला ठेवलं आणि सांगितलं. आमच्याच बोलीत. बाबा आधी आईला हाका मारत होते, मग तिला, मग मला. तिने मला उठवायला दाराशी येऊन पाहिलं होतं, पण मी दोन रात्रींचा जागा होतो म्हणून उठवलं नाही. मग तिने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि लहानपणी आई गुणगुणायची ते गात राहिली. पहाटेकडे ते निवले. मी जे शांत मरण सगळ्यांना सांगत होतो, ते तिच्या मांडीवर रात्रभर तयार झालं होतं.

मी माफी मागितली. ती म्हणाली, "तू सांगितलंस तेही खरंच होतं रे. मीही दारातून पाहिलं होतं. पण माझं कुणी विचारलंच नाही." मग आत जाऊन तिने चहा ठेवला.

वर्गात परत गेल्यावर मी त्या मुलाला सगळ्यांसमोर सांगितलं की, मार्कने अर्धं ऐकलं नव्हतं, मी अर्धं सांगितलं होतं. त्या दिवशी आम्ही फळ्यावर यादी केली नाही. चार मुलांनी चार वृत्तान्त मोठ्याने वाचले आणि आम्ही ऐकले.

माझ्यापुरतं मी एवढं ठरवलं आहे. दोन साक्षी प्रामाणिकपणे जुळत असतील तर जुळवाव्यात. जुळत नसतील तर एकीच्या तोंडावर हात ठेवू नये, मग त्या पवित्र शास्त्रातल्या असोत की आपल्या घरातल्या. आणि एखादी साक्ष गप्प करावीशी वाटली, तर आधी स्वतःला विचारावं की मी इथे देवाला सांभाळतोय की मला? स्तोत्र २२ मधली हाक आणि स्तोत्र ३१ मधलं आत्मा सोपवणं एकाच स्तोत्रसंहितेत, थोड्याच पानांच्या अंतरावर आहेत. एकाच माणसाच्या तोंडी ती दोन्ही येऊ शकतात, एकाच रात्रीत.

आज एवढं करू या. आपल्या कुटुंबात ज्याची आठवण आपल्यापेक्षा वेगळी आहे, अशा एका माणसाला आज विचारा, "तुला काय आठवतं?" आणि तो सांगत असताना मध्ये बोलू नका.

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू क्रूसावर विचारलेला प्रश्न आम्हांला ऐकवत नाही, तरी तो ऐकण्याचं बळ आम्हांला दे. तू आपला आत्मा पित्याच्या हाती सोपवलास, तसा विश्वास आम्हांला शेवटच्या घटकेला दे. तुझी बाजू घेण्याच्या नावाखाली आम्ही ज्यांना गप्प केलं त्यांची क्षमा मागण्याची नम्रता दे. आज जे कुणी एकटे आजारी पडले आहेत आणि आपल्या माणसांना हाका मारत आहेत, त्यांच्या उशाशी कुणीतरी जागं राहू दे. आमेन.